साखर पेठेत साके

टॉवेलचे नमुने घेऊन इमाबारीला गेलेला
आमचा नरसय्या बोद्दूल
तीन बाटल्या घेऊन आला.
वीज गेलेली, माग गप्प. स्टीलचे पेले.

पहिली पाण्यासारखी.
निम्मा तांदूळ घासून टाकतात म्हणे,
उरलेल्याची ही.
अंबव्वानं विचारलं, मग घासलेलं कोण खातं?

दुसरी गढूळ. लक्ष्मय्यानं हुंगली,
चिमटीत थेंब चोळला:
ही तर आपली खळ!
चाळीस वर्षं अंगाला येणारा वास
पहिल्यांदाच प्यायला तो.

तिसरी कोमट केली होती.
शेंगाचटणीनंतर मला तिची चवच लागली नाही.

शिंदीची सर नाही, असं सगळ्यांनी ठरवलं.
तरी लक्ष्मय्यानं
गढूळ पेल्याच्या तळाशी बोट फिरवलं
आणि तुटल्या धाग्याला लावावं
तसं ओठांना लावलं.