जेमतेम ऐकू येण्याइतकं

तू अॅबरडीनच्या टॅक्सीत अकरा वर्षं काढलीस,
डॅशबोर्डखाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याला लागत.
झाकण उघडलं तेव्हा तुझ्या पोटातून निघाली
पावतीची एक पुंगळी, चिप्सचं मीठ,
आणि पत्र्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं :
‘पॉवर फुल ठेवा. बंदरापलीकडे पोचत नाही.’
गाडी नंबर सोळा. सही नाही.

तुझे जुने क्रिस्टल काढले, नवे बसवले,
कॉइलचे गाभे पाव-पाव आटा फिरवून
तुला आमच्या बँडवर आणलं.
दोन आठवडे गेले.
फेरीबोटीच्या इंजिनरूममध्ये तीस वर्षं वावरलेल्याला
दोन आठवडे म्हणजे काहीच नाही,
पण हात आता सांगितल्या जागी थांबत नाहीत
आणि हा स्क्रू तांदळाच्या कणीएवढा.

आज पॉवर.
डमी लोड जोडला, मीटर लावला, बटण दाबलं :
काटा थेट पंचवीसवर, सवयीनं,
जणू अजून युनियन स्ट्रीटवर गिऱ्हाईक ताटकळतंय.
मिनिटभरात मागचा पत्रा असा तापला
की त्यावर पाव भाजून घ्यावा.
अरे, इथे कुणाला ओरडून सांगायचंय?
हे येल, ते समोर फेटलर,
मध्ये थोडं पाणी, दोन्हीकडे मेंढ्या.

खरी अँटेना लावून ओस्लाला हाक मारली.
‘कान फुटतील माझे,’ ती म्हणाली.
मग डावीकडे, केसभर.
पंधरा. ‘काही फरक नाही.’
आठ. ‘नाही.’
पाच. ‘किटली ठेवते, तू बोलत राहा.’
मी बोलत राहिलो : वारा, मेंढीचा सुजलेला पाय,
डिझेलचा भाव, पुन्हा वारा.
तीन. ‘आता खरखर आहे मागे.
लोकरीच्या गठ्ठ्यातून बोलल्यासारखा येतोयस.’

दोनवर काटा थरथरायला लागला.
जन्मभर मोठ्यानं बोललेल्याला
कुजबुज जमत नाही, भलत्याच सुरात किंचाळतो.
शेजारच्या गिबीच्या टीव्हीवर आडव्या रेघा,
आणि दारात गिबी स्वतः,
हातात रिमोट, तोंडात शिवी.
परत वर. साडेतीन.
काटा स्थिर, पत्रा कोमट, गिबी घरी.

असा स्क्रू हलू नये म्हणून
त्यावर थेंबभर नेलपॉलिश लावतात.
मेरनची बाटली ड्रॉवरमध्ये होती, पार सुकलेली.
ती म्हणायची, घरात बोलतोस ते मला ऐकू येत नाही,
आणि त्या डब्यात बोलतोस ते अख्ख्या बेटाला.
अॅसिटोनचे चार थेंब घातले, हलवली,
रंग उतरला बाटलीच्या काचेवरून, लाल.
झाकण परत लावून ठेवलं.

उद्या तुला गाडीत बसवतो.
गचरच्या रस्त्याला टेकडी आड आली
की साडेतीन पुरतील असं काही नाही.
स्क्रूड्रायव्हर खिशातच राहू दे.

खिडकीतून दिसते, दोनची फेरी निघालीय.
ती मधोमध आली की ओस्लाचा आवाज
तिच्या लोखंडावर आपटून फडफडतो,
अर्धं वाक्य पाण्यात जातं.
‘...म्हटलं, ऐकतोयस ना?’
ऐकतोय, ऐकतोय.
किटलीचं बघ, उतू गेली वाटतं.