डावा हात

सव्वीस जानेवारी नको, त्या दिवशी तहसीलदार रिकामे नसतात.
मंगळवार नको, बाजार असतो.
शेवटी सोमवार धरला, दुपारी चार,
म्हणजे वेचणीच्या बाया वजन करून परतलेल्या असतील.

शाळेच्या व्हरांड्यात यादी चालली आहे.
खुर्च्या साठ, त्यातल्या गादीवाल्या पाच.
शाल एक. सरपंच म्हणाले, "दोन लिहा न सर,
पाहुण्याले काय रिकामं पाठवता?"
नारळ तीन. पोहा-तर्री. चहा.
फ्लेक्सवर पाहुण्यांचा फोटो केवढा
यावर पाऊण तास गेला,
आणि दर्पणचा निघाला पासपोर्टचाच,
तोही एक कान कापलेला.

दर्पण आत्राम, इयत्ता दहावी, राज्य पुरस्कार.
पांढरकवड्याहून 'स्काऊंट' छापून आलं.
पुंजाराम शिपाई म्हणतो, "राहू द्या,
अनुस्वार जास्तच झाला, कमी तर नाही झाला."

तो स्वतः आत्ता मांडवाच्या बल्लीवर आहे.
डेकोरेशनवाल्याची गाठ त्याला पटली नाही.
"हे सुटते, काका," म्हणाला,
सोडली, खुंटागाठ मारली, लोंबकळून दाखवलं.
आपल्याच सत्काराचा मांडव बांधतोय पोट्टा.
त्याला खाली बोलवावं असं वाटलं,
पण गाठी खरंच चांगल्या होत्या.

मग अडलं हस्तांदोलनावर.
स्काऊट डावा हात देतो, मी सांगितलं,
पाहुण्यांच्या कानावर आधी घालावं लागेल.
"डावा?" सरपंच ढोके खुर्चीत पुढे सरकले.
"चांगल्या कामाले डावा हात? बाप्पा!
लोकं काय म्हणतीन?"
मी पुस्तक आणलं, चित्र दाखवलं.
कोणी म्हणालं, पाहुण्यापुरता उजवा करा.
कोणी म्हणालं, नमस्कारच ठेवा, कटकट मिटली.
मी तो शब्द यादीतून खोडला.

तेवढ्यात मैनाबाई आल्या,
डोक्यावरचं कापसाचं गाठोडं कुंपणाशी टेकवून.
विचारायला, की आपण खरंच यायचं का,
अन् आलो तर बसायचं कुठं.
उजवा हात पदराखाली.
गावाला ठाऊक आहे: कुट्टी मशीन, चार बोटं, सहा वर्षं झाली.
तेव्हापासून पंगतीत वाढायला उठत नाहीत,
प्रसाद डाव्या हातात कसा घ्यायचा
म्हणून देवळामागून निघून जातात.

दर्पण सरसर उतरला.
सुतळीचा भुसा चड्डीला पुसला,
टाचा जुळवल्या.
"आई, सोमवारी असं करा लागते,"
आणि डावा हात पुढे केला.

तिनं एकदा सरपंचांकडे पाहिलं.
मग दिला हात, पटकन,
पाण्याची कळशी द्यावी तसा.

मी साठ खोडून एकसष्ट केले.
गादीवाल्या सहा.

ढोके बराच वेळ गप्प होते.
टेबलाखाली स्वतःचा डावा पंजा
उघडून मिटून पाहत होते.
"सर," म्हणाले शेवटी,
"तर्री कितीक लिटर लिहिली?"