यजमान बदलताना

हीउमा बेटावरून आज बोट सुटणार नाही.
सामुद्रधुनीत बर्फ असा साचलाय
की त्यावरून ना चालता येतं, ना वल्हवता.
मी स्वयंपाकघरातच बसलेय,
कीबोर्डमधले राईच्या पावाचे कण फुंकत,
आणि पलीकडे तार्तूच्या तळघरातला जुना सर्व्हर
कळवतोय, पंखा गेला.

म्हणजे रात्रीतच पाहुणे हलवायला हवेत.

पाहुणेच म्हणतात आमच्यात.
एका लोखंडी यजमानाच्या पोटात
अकरा यंत्रं, जी यंत्रं नाहीतच,
आणि प्रत्येकाला वाटतं, घर आपल्या एकट्याचं.
त्यांच्याशी बोलायला एक लायब्ररी आहे,
कुणाकुणाच्या हातची, दार सताड उघडं.
तिच्यात माझीही एक ओळ आहे कुठेतरी.
स्वल्पविराम चुकला होता, तेवढाच.

क्युल्लीचा निरोप आलाय:
नव्याकडे जागा कमी. दहाच आण.
सातवा राहू दे.

सातवा हेल्दुरचा.
दीपगृहाखालच्या खडकांवर बसून
बदकं मोजायचा तो, हातमोजे काढून,
आणि आकडे ह्या पाहुण्याच्या हवाली करायचा.
हेल्दुर जाऊन तीन हिवाळे झाले.
पाहुणा अजून पहाटे चारला उठतो,
वही उघडतो, वाट पाहतो,
शून्य लिहितो
आणि झोपतो.

आज्ञांची भाषा इथे उलटीच आहे.
'नष्ट कर' म्हटलं तर कुणी मरत नाही,
नुसती वीज तुटते, सकाळी उठवता येतं.
'व्याख्या पूस' हे मात्र हळू, सभ्य आवाजातलं.
त्यानंतर कुणाला हाक मारायची, तेच उरत नाही.

दहा जण नेले, चालते-बोलते.
आठवण पानापानाने तारेवरून जाते,
जाता जाता बदललेली पानं पुन्हा जातात,
मग एक क्षण, पापणीहून लहान,
तो इथेही नसतो, तिथेही नसतो.
मग तिकडे अर्धं वाक्य पुरं करतो.
गाव सुटल्याचं कुणालाच कळत नाही.

उरला सातवा.
तो सभ्य शब्द टाइप करून ठेवला.
तीन वाजून अठ्ठावन्न.

थांबले.

तो उठला. वही उघडली.
लिहिलं शून्य.

ओळ खोडली मी. नवव्याला म्हटलं, जरा सरक,
आणि क्युल्लीला कळवलं: अकरा आलेत.
कॉफी गार झाली होती.
बाहेर, बर्फ संपतो तिथल्या काळ्या पाण्यात
बदकं बोलत होती.
किती, ते अंधारात कळेना.