पुडीतलं कलम

नाईकनवरे वकील गेले, तेव्हा त्यांच्या घरची रद्दी
लक्ष्मीपुरीत दस्तगीरभाईच्या काट्यावर आली.
अकरा किलो मी उचलली.
जाड कागद. तेल पितो, पण फाटत नाही.
भडंगाला बरा.

रंकाळ्यावर गिऱ्हाईक नसलं की
पुडी वळायच्या आधी मी कागद वाचते.
सातवीपर्यंतची सवय, सुटली नाही.
त्या दिवशी आलं:
"सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत
कोणत्याही पथविक्रेत्यास"
आणि कागद संपला.

पथविक्रेता म्हणजे कोण ओ?
कणीसवाला पांडबा म्हणाला, आपणच असणार की,
दुसरं कोण उभं असतंय रस्त्यावर दिवसभर.
एवढं भारदस्त नाव,
आणि बारसं झाल्याचं आम्हालाच ठाऊक नाही.

पुढच्या पानासाठी सगळा गठ्ठा उपसला.
ते गेलं होतं. बहुतेक त्या कॉलेजच्या पोरांबरोबर,
तळलेला लसूण जादा मागणाऱ्या.
माझं अर्धं वाक्य बोटं चाटत कुणी हातात धरलं,
चुरगाळून टाकलं असेल घाटाच्या पायरीवर.

दुसरा एक कागद मात्र सापडला.
मसुदा. हरकती व सूचना
तीस दिवसांच्या आत लेखी कळवाव्यात.
तारीख बघितली. सुलक्षणा पोटात होती तेव्हा.
आता ती आयटीआयला जाते.
म्हणजे विचारलं होतं आम्हाला.
विचारून तीस दिवस थांबलेही होते,
आणि मी इथंच होते, याच खांबाखाली,
कांदा चिरत.

सोमवारी गाडा झाकून वाचनालयात गेले.
मिणचेकर बाईंनी आधी माझ्या हाताचं तेल बघितलं,
मग कपाटाची किल्ली काढली.
"परंतु" आला की सावध व्हायचं, म्हणाल्या,
आधी दिलेलं तिथं काढून घेतात.
त्या ओळीला परंतु नव्हता. दोनदा बघितलं.
"निष्कासित करता येणार नाही."
निष्कासित म्हणजे हुसकणं, बाईंनी समजावलं.
हुसकणं मला समजावायला नको होतं.

बुधवारी महापालिकेची गाडी आली.
साहेब नवा, आळत्याकडचा.
मी सगळं वाक्य म्हटलं, पाढ्यासारखं.
तो थांबला. कुठलं कलम, म्हणाला.
दरडावून नाही, खरंच विचारत होता.
त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं.
तेलकट कागद दिव्यासमोर धरून त्यानं फोटो काढला.
वजनकाटा मात्र नेलाच,
वरून यादी होती म्हणे.

काटा सोडवायला शुक्रवारी जायचंय.
तोवर मापानं विकते.
आणि पुडी आता उलटी वळते,
छापलेली बाजू बाहेर.
मावशी, शाई लागतीय हाताला, म्हणतात.
लागू दे.