शेऱ्याचं वजन

हर्णैच्या सोसायटीत, बर्फाच्या कारखान्यावरल्या खोलीत
चौतीस वर्षांच्या वह्या आता एका डब्यात मावल्यात.
वर शोधायची चौकट. खाली माझं काम:
कुठल्या रकान्याला किती वजन.

नौकेचं नाव: पाच.
तांडेल: तीन.
बंदर: एक.
शेरा: शून्य पूर्णांक दोन,
कारण शेऱ्यात कुणीही काहीही लिहितं.

सेक्रेटरी दामोदर पावसे
चहाचा कप की-बोर्डाच्या कडेवर टेकवत म्हणाले,
"डिझेलची बाकी तेवढी वर आण गो.
उरलेलं समुद्रात."

खाली लिलाव चालला होता.
बांगड्याच्या पाट्यांकडे कुणी वळून बघेना;
एक घोळ आली आणि माणसं गोळा झाली.
यंत्राचंही तसंच.
पानोपानी येतो त्या शब्दाला भाव नाही,
वर्षातून एकदा येतो त्याच्यावर बोली चढते.
आणि 'आहे', 'आणि', 'नाही', हे तर
मी पहिल्याच दिवशी गाळून टाकले होते,
पाटीतलं बर्फाचं पाणी निथळावं तसे.

दुपारी जुलेखा मुकादम आल्या, छत्री बाहेर ठेवून.
"अब्बा इथं क्लार्क होते. 'गुलबहार'चं त्यांनी लिहिलं होतं कुठंतरी.
नुसतं 'परतली नाही' टाकून बघ."

टाकलं.
दोन हजार एकशे सहा नोंदी आल्या,
सगळ्या परतलेल्या.
परतली, बर्फ संपला.
परतली, इंजिन बंद, दोर लावून आणली.
परतली. परतली.
जुलेखाबाई हसल्या.
"राहू दे की असंच."

राहू दिलं नाही.
'नाही' परत आत घेतला.
शेरा नेला चारवर.
अकरा मिनिटं पंखा आणि यंत्र एकाच सुरात घोंघावत राहिले.
आखूड शेरा लांबलचक शेऱ्यांच्या वर तरंगतो,
हा नियम माझा नव्हे;
पण तो लागू झाला,
आणि लाल शाईतली एक ओळ वर आली:

परतली नाही. बाकी मागू नये.

पावसे वाकून वाचत राहिले.
त्यांच्या हातातल्या यादीत
पहिलंच नाव 'गुलबहार', व्याजासकट.
मग त्यांनी कप उचलला.
की-बोर्डावर ओला गोल उरला होता,
तो बाहीनं पुसला, नीट पुसला गेला नाही.

"चारच ठेव," म्हणाले.
बंदराचा एक तसाच राहिला.
त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही.