ताबडतोब

दर मे महिन्यात देवघरे साहेबाचा फोन येते.
"पेंटर, ते ताबडतोब उडालं पुन्हा."

लाल रंग टिकत नाही आमच्या उन्हात.
काळा टिकते.
म्हणून हिंगण्याच्या त्या गेटवर
वेल्डर, फिटर, टर्नर पाहिजेत
हे अजून ठसठशीत,
अन् वरचं ताबडतोब
घामानं पुसलेल्या कुंकवासारखं.

सहावं वर्ष आहे.
अक्षरामागे पन्नास, पाच अक्षरं,
अडीचशे रुपये अन् कॅन्टीनचा चहा.
फ्लेक्स आल्यापासून माझ्या ब्रशाले
एवढंच पक्कं गिऱ्हाईक उरलं,
तर मी कशाले म्हणू, बोर्ड उतरवा?

गेटच्या आत सात नंबरची लेथ.
तिच्यावर निळी ताडपत्री.
बांभरे मामा रिटायर झाले तेव्हापासून
तिच्याखाली मांजर दोनदा व्याली.
मामाले परत बोलावलं होतं एकदा.
आले, मशीनवरून हात फिरवला, चष्मा पुसला,
म्हणाले, आता बारीक माप दिसत नाही बाप्पा,
अन् पोराच्या गाडीवर मागं बसून गेले.
पोरगा बँकेच्या पेपरची तयारी करते.
त्याले लेथ शिकवली नाही मामानं.
ग्रीसनं नखं काळी होतात,
काळ्या नखाले पोरगी कोण देते,
हे मामाच सांगायचे, डबा खाता खाता,
आपलीच नखं पाहत.

आमच्या पाचपावलीत तीन अभ्यासिका झाल्या.
एकीचा बोर्ड मीच रंगवला:
शांतता राखा. चप्पल बाहेर काढा.
पहाटे पाचपासून दारात चपलांचा ढीग.
एका जागेमागे किती जण, विचारू नका,
पोरं आकडा असा सांगतात
जसा कोणी घरातल्याचा ताप सांगते.
इकडे साहेब म्हणते, माणूस मिळत नाही.
दोघंही खोटं बोलत नाहीत.

माझा बाप मागावर बसे.
लुगड्याचं काम आटलं तेव्हा माग भंगारात गेला,
बाप राहिला, दारात, खाटेवर.
त्याचे पाय हलत राहायचे,
खाली पावड्या असल्यासारखे.
ती ताडपत्री पाहिली की मले ते पाय आठवतात.
काऊन, ते सांगता येत नाही.

यंदा शिडीवर होतो, ड चं पोट भरत होतो,
तेव्हा ती आली. इसासनीहून पायी,
ओढणीनं तोंड बांधलेलं, हातात फाईल.
रहांगडाले चौकीदारानं सर्टिफिकेट
आधी उलटं धरलं, मग सुलटं,
मोठ्यानं वाचलं:
आम्रपाली गजभिये. आय.टी.आय. टर्नर.
एकोणऐंशी टक्के.
आत फोन लावला.
"हो साहेब. टर्नरच साहेब.
नाही साहेब, पोरगी हाये."
बराच वेळ नुसतं ऐकत राहिला.
मग म्हणाला, बाई, इथं लेडीजचं बाथरूम नाही.

तिनं वर पाहिलं.
"मंग ताबडतोब काऊन लिहून राहिले तुम्ही?"
मी म्हणलं, पोरी, मी फक्त रंगवतो.
तेवढ्यात तो च्या काठीवरून एक थेंब सुटला,
तिच्या फायलीवर पडला.
तिनं बोटानं पुसला,
बोट गेटच्या खांबाले पुसलं, अन् गेली.

दुपारी पैसे घेताना
मी साहेबाले म्हणलं,
खाली स्त्री-पुरुष असं लिहून देऊ का?
त्याचे पैसे नको.
साहेब हसला.
"पेंटर, बोर्डावर जागा कुठं आहे?"

होती.
शिडीवरून उतरायच्या आधी मोजली होती मी.
टर्नरच्या बाजूले,
वीतभर.