कोऱ्या कुपीत बांगडा

लांज्याच्या पुढे डांबर संपून जांभा लागतो,
तिथून पाऊण तास उतरलं की सातकोंड.
सातातले दोन गाळाने बुजले,
पण नाव बदलायला कोण येणार?

मी हातमोजे चढवले, काठाशी उकिडवी बसले,
आणि एक लिटर पाणी, सिरिंज-सिरिंज करत,
रुपयाएवढ्या पांढऱ्या गाळणीतून ढकलत राहिले.
फेब्रुवारीचं पाणी, कोऱ्या चहाच्या रंगाचं.
गाळणी चोंदते. अंगठा दुखतो.
पुन्हा नवी गाळणी, पुन्हा कुपीवर तारीख, वेळ, कोंडाचा आकडा.

ठमाबाय वाघमारे खडकावर पाग शिवत बसली होती.
"गरी नाय, जाळं नाय, आनि मासं मोजनार?"
म्हटलं, मासा निघून जातो,
पण त्याचं थोडं पाण्यात राहतं,
खवल्याचं, बुळबुळीचं, विष्ठेचं.
ते वाचता येतं.
तिने दोरा दातांनी तोडला.
"म्हंजे उष्टं."

हा शब्द शोधनिबंधात चालायचा नाही.
त्याहून नेमका मला अजून मिळालेला नाही.

मग बोटांच्या पेरांवर तिने मोजून दिले:
मळ्या, खवली, शिंगटी, वाम,
दगडाखालचा डाकू, मरळ जोडीनं,
आणि एक खडस,
"पन ता माझ्या सासूनं बघितलेलां."
मी वहीत लिहिलं. खडसच्या पुढे प्रश्नचिन्ह.

सहा आठवड्यांनी तक्ता आला.
माणूस, भरपूर. म्हैस. एक खंड्या.
तिलापिया चारही कोंडांत, कुणी सोडला कुणी सांगत नाही.
पाचव्यात तोही नाही.
तिथे गेल्या वैशाखात ब्लीचिंग ओतलं होतं,
कुणी ते मात्र सगळ्यांना ठाऊक.
मळ्या आहे, वाम आहे, डाकू आहे.
तिसऱ्या कोंडात खडस, अकरा तुकडे.
लाखभर तुकड्यांतले अकरा.

आणि कोऱ्या कुपीत बांगडा.

कोरी कुपी म्हणजे ती, जिच्यात
बाटलीबंद पाण्याखेरीज काही नसायला हवं.
आपण स्वच्छ होतो, याची ती साक्षीदार.
रात्रभर विचार केला.
मग आठवला मिरकरवाड्याच्या जेटीवरचा बर्फ,
साठ रुपये वाचले म्हणून घेतलेला,
खोक्याच्या तळाशी वितळून
झाकणांभोवती, माझ्या मोज्यांवर चढलेला.
समुद्राचा मासा घाट चढून
माझ्याच हातून सातकोंडात पोचला होता.

आता अकराचं काय करू?
जेटीवर खडस कुणी विकत नाही.
कोऱ्या कुपीत खडस नव्हता.
तरी अहवालात लिहिलं: दुजोरा आवश्यक.
लिहिताना ठमाबायची सासू डोळ्यांसमोर आली,
जिला मी कधी पाहिलेलं नाही,
गुडघाभर पाण्यात उभी.

तक्त्याच्या शेवटी एक ओळ होती,
दोनशे नऊ तुकडे, चौथा कोंड,
नावाच्या रकान्यात: जुळणी नाही.
म्हणजे जगातल्या कुठल्याच यादीत नाही,
किंवा यादी करणारे इथवर उतरलेच नाहीत.

एप्रिलात कागद घेऊन पुन्हा गेले.
एकेक नाव वाचलं, ती मान हलवत गेली,
जशी रेशनच्या यादीत घरच्यांची नावं ऐकावीत.
बांगड्यापाशी इतकी हसली की पाग हातातून सुटला.
खडसपाशी गप्प.
नंतर म्हणाली, "अकरा काय, येक असला तरी रव दे."

शेवटी बिननावाची ओळ वाचली.
तुमच्यात याला काय म्हणतात? विचारलं.
मी पेन उघडून बसले होते.
तिने चौथ्या कोंडाकडे पाहिलं,
उन्हात पाणी वीतभर आटलेलं,
काठावर माझीच एक चोंदलेली गाळणी पडलेली.
ती तिने उचलली, झटकली, माझ्या हातावर ठेवली.
"मना तोंड दाखव त्याचां.
आदी धर. मंग सांगते."